पाऊस किती यापेक्षा ओल किती दिवस: महाराष्ट्रात नव्याने शेतीला लागणाऱ्यांसाठी हंगामाचं नियोजन

नोकरी सांभाळून किंवा सोडून शेतीकडे वळलेली माणसं बहुतेक वेळा एकच प्रश्न आधी विचारतात: "आपल्या तालुक्यात पाऊस किती पडतो?" कोणीतरी सांगतं, सातशे मिलिमीटर. मग सातशेत काय येतं ते शोधलं जातं आणि पीक ठरतं. आकडा खरा असतो, पण पीक ठरवायला तो पुरत नाही. तेच सातशे मिलिमीटर जून ते सप्टेंबर थोडे थोडे पडले तर सोयाबीन चांगलं येतं. चार-पाच दणक्यांत पडून मध्ये तीन तीन आठवडे उघडीप राहिली, तर बियाण्याचे पैसेही सुटत नाहीत. वर्षाच्या शेवटी पर्जन्यमापकावरची बेरीज दोन्ही वेळा सारखीच दिसते.

म्हणून या लेखात बेरजेपेक्षा दोन गोष्टींवर जास्त बोलणार आहे. पावसात खंड केव्हा पडतो, आणि खंड पडल्यावर तुमची जमीन पिकाला किती दिवस तग धरू देते. राज्यातली बहुतांश शेती कोरडवाहू आहे, त्यामुळे मुख्य हिशोब तिचाच धरला आहे. विहीर किंवा कालवा असला तरी यातलं बरंच लागू पडतं, कारण ऑगस्टचा खंड लांबला की विहिरीही खाली जातात.

पायरी १: आपण सह्याद्रीच्या कोणत्या बाजूला आहोत ते बघा

हवामान विभाग महाराष्ट्राचा पाऊस चार उपविभागांत मोजतो: कोकण (गोव्यासह), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. शेतीसाठी राज्याचे नऊ कृषी-हवामान विभाग पाडले आहेत. आपला विभाग कोणता हे कृषी सहायकाला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा, कारण पिकांच्या शिफारशी त्यानुसार असतात.

हे सगळं घडवतो तो सह्याद्री. अरबी समुद्रावरून येणारे ढग घाट चढताना रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. पसरणीचा घाट उतरून वाईला आलात की तो हजाराच्या आत येतो, आणि आणखी पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, सांगोला या पट्ट्यात पाचशेच्या आसपास. दीड-दोन तासांच्या गाडीच्या प्रवासात भात, ऊस आणि ज्वारी अशी तिन्ही शिवारं दिसतात ती यामुळे.

विदर्भाचं गणित वेगळं आहे. तिथे जोराचा पाऊस आणतात ते बंगालच्या उपसागरातून येणारे कमी दाबाचे पट्टे. म्हणून पूर्वेला जावं तसा पाऊस वाढतो, आणि गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्यात भातशेती दिसते. मराठवाडा या दोघांच्या मधे सापडलेला. पश्चिमेचे ढग घाटावरच संपतात, पूर्वेकडचे पट्टे बऱ्याचदा उत्तरेकडे मध्य प्रदेशात वळतात. जून-जुलैत मराठवाडा कोरडा आणि सप्टेंबरात नद्या दुथडी, असं एकाच वर्षात घडतं ते याचमुळे.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. सोलापूर आणि आसपासच्या भागात वर्षातला सगळ्यांत भरवशाचा पाऊस जुलैत नसतो, सप्टेंबरात असतो. त्या भागाने पिढ्यान् पिढ्या रब्बी ज्वारी धरून ठेवली, त्यामागे हेच कारण आहे. अशा ठिकाणी शेजारच्या जिल्ह्याचं बघून खरिपावर सगळा पैसा लावणं म्हणजे आपल्या पावसाच्या उलट जाणं.

माहिती कुठे मिळेल? कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर तालुका आणि मंडळनिहाय (मंडळ म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा महसुली गट) रोजचा पाऊस असतो. 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत. मागच्या जितक्या वर्षांचे आकडे मिळतील तितके घ्या, सरासरी बाजूला ठेवा आणि फक्त एवढं मोजा: जुलै आणि ऑगस्टमध्ये सलग दहा दिवसांपेक्षा जास्त कोरडे किती वेळा गेले, आणि कोणत्या आठवड्यात. अडीच मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झालेला दिवस कोरडाच धरायचा, हवामान विभागही पावसाचा दिवस याच मापाने मोजतो. एक संध्याकाळ वही-पेन घेऊन बसलात तर हे काम होतं, आणि बांधावर ऐकलेल्या सल्ल्यांपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

पायरी २: जमिनीत खड्डा खणा

हे काम एप्रिल-मेमध्ये करायचं. शेताच्या वरच्या टोकाला, मध्यावर आणि खालच्या टोकाला कुदळीने एकेक खड्डा घ्या आणि मुरूम किती खाली लागतो ते मोजा. एक फुटाच्या आत मुरूम लागला तर जमीन हलकी, दोन फुटांपर्यंत मध्यम, त्याहून खाली गेला तर भारी. एकाच गटात वर हलकी आणि ओढ्याच्या बाजूला भारी जमीन असणं नेहमीचंच आहे. अशा वेळी एकाच शेतात दोन पिकं घ्यायला लाजू नका.

आता हिशोब. भारी काळी जमीन पिकाला वापरता येईल असं पाणी एका फुटाला साधारण पन्नास मिलिमीटर धरते, हलकी मुरमाड जमीन तीसच्या आसपास. खरिपातलं भरात आलेलं पीक दिवसाला चार ते सहा मिलिमीटर पाणी ओढतं. म्हणजे एक फूट हलक्या जमिनीत पीक पावसाशिवाय जेमतेम आठवडाभर हिरवं राहतं. तीन फूट भारी जमिनीत तेच महिनाभर निघतं. हे ढोबळ आकडे आहेत, उन्हावर आणि वाऱ्यावर ते बदलतात, पण निर्णय घ्यायला पुरेसे आहेत. पहिल्या पायरीत मोजलेले खंड या दिवसांशेजारी ठेवा. तुमच्या मंडळात ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांचा खंड नेहमीचा असेल आणि जमीन आठ दिवसांची असेल, तर त्या तुकड्यावर सोयाबीन हा जुगार आहे. तिथे बाजरी, मटकी, हुलगा अशी काटक पिकं बघा.

भारी जमिनीची दुसरी बाजूही आहे. जे पाणी धरतं ते सोडतही नाही. सलग चार दिवस झड लागली की मुळांना हवा मिळत नाही आणि पीक पिवळं पडतं. 'भारी जमीन म्हणजे चांगली जमीन' हे निम्मंच खरं आहे.

पायरी ३: वाईट वर्ष डोळ्यांसमोर ठेवून पीक निवडा

पिकाला पाण्याची सगळ्यांत जास्त गरज कधी असते आणि आपल्याकडे खंड कधी पडतो, या दोन तारखा एकमेकींवर पडू द्यायच्या नाहीत. सोयाबीनचं उदाहरण घ्या. जूनच्या मध्यावर पेरलेलं, शंभर दिवसांच्या आसपासचं वाण जुलैच्या अखेरीस फुलावर येतं आणि ऑगस्टमध्ये शेंगा भरतं. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि त्या वर्षी सोयाबीन मार खाल्लं ते नेमकं याच टप्प्यावर. झाडं उभी दिसत होती, शेंगांत दाणे भरले नव्हते.

कापूस आणि तूर यांची मुळं खोल जातात, त्यामुळे ऑगस्टचा ताण ती सोसतात. तूर तर पाच-साडेपाच महिने शेतात असते, एका खंडाने तिचा खेळ संपत नाही. मूग आणि उडीद साठ-सत्तर दिवसांत मोकळे होतात. पण ते जूनमध्ये वेळेवर पेरले तरच परवडतात, जुलै लागल्यावर त्यांचा नाद सोडावा.

यावरचा जुना आणि आजही चालणारा उपाय म्हणजे आंतरपीक. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन, किंवा बाजरीच्या दोन ओळींना तुरीची एक. एका पिकाचा नाजूक काळ खंडात सापडला तरी दुसऱ्याचा पुढे असतो. पेरायला आणि काढायला जरा किचकट पडतं हे मान्य. तरीही पहिली दोन-तीन वर्षं तरी सगळं शेत एका पिकाखाली घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

पायरी ४: अंदाज कोणता, किती दिवसांचा, आणि त्यावरून काय ठरवायचं

जूनमध्ये गावातला प्रत्येक मोबाईल हवामानशास्त्रज्ञ झालेला असतो. कोण्या भलत्याच राज्यातल्या ढगफुटीचा व्हिडिओ आपल्या तालुक्याच्या नावाने फिरतो आणि लोक पेरणीची तिफण बाहेर काढतात. त्यापेक्षा अंदाजांचे प्रकार समजून घेतलेले बरे.

हवामान विभाग एप्रिलच्या मध्यावर आणि मेच्या अखेरीला हंगामाचा अंदाज देतो. तो देशाच्या सरासरीशी तुलना करून दिलेला असतो, आणि ही सरासरी आहे ८७ सेंटिमीटर. देशात १०४ टक्के पाऊस होईल यातून तुमच्या शिवाराबद्दल काहीच कळत नाही. एल निनोचं वर्ष (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं, आपल्याकडे पाऊस कमी पडण्याची शक्यता जास्त) असेल तर थोडं सावध राहायचं, बियाण्यात काटक वाणाचा वाटा वाढवायचा, एवढाच त्याचा उपयोग. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. पेरणी आठवडाभर थांबवावी का, या प्रश्नाला तो बऱ्यापैकी उत्तर देतो. पाच-सात दिवसांचा अंदाज फवारणी, खत आणि काढणीसाठी वापरायचा. आणि तीन तासांचा तात्काळ इशारा विजेपासून जीव वाचवायला.

इशाऱ्यांचे रंग: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातातलं सोडून आवराआवर करा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार' अशी प्रतवारी आहे. महसूल खातं मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतं, पंचनाम्यासाठी हा आकडा लक्षात असू द्या.

'मेघदूत' ॲपवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्यासाठी कृषी सल्ला येतो. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांचे हवामान कक्षही सल्ले काढतात. 'दामिनी' हे वीज पडण्याची पूर्वसूचना देणारं ॲप, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेलं. ते मोबाईलमध्ये असलंच पाहिजे. मे-जून आणि ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडायला लागलं की झाडाखाली थांबायचं नाही.

यासोबत एक पर्जन्यमापक घ्या. मंडळाचं केंद्र आठ-दहा किलोमीटरवर असू शकतं, आणि वळवाचा पाऊस बैलाचं एक शिंग भिजवतो नि दुसरं कोरडं ठेवतो. सरळ भिंतींचं कोणतंही भांडं उघड्यावर ठेवून सकाळी पट्टीने पाणी मोजलं तरी चालतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरवर दहा हजार लिटर पाणी, एकरावर सुमारे चार हजार.

पायरी ५: पेरणी

सगळ्यांत महागडी चूक इथे होते, म्हणून जरा थांबून वाचा.

मोसमी पाऊस केरळात १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोचतो, ही झाली सर्वसाधारण तारीख. २०२५ मध्ये तो मुंबईत २६ मेलाच दाखल झाला. इतक्या लवकर येण्याचा तो विक्रम होता. शेतं ओली झाली, लोकांनी बियाणं उघडलं, आणि मग मोसमी वारे जवळपास दोन आठवडे जागचे हलले नाहीत. ज्यांनी घाई केली त्यांतल्या अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. कृषी विभाग 'घाई करू नका' असं सांगत होता, पण शेजारच्या शेतात तिफण चालू झाली की धीर धरवत नाही, हेही तितकंच खरं.

नियम साधा आहे. तुमच्या शेतात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस मुरल्याशिवाय खरिपाची पेरणी नको. मुरल्याशिवाय म्हणतोय, कारण एका तासात साठ मिलिमीटर कोसळला तर निम्मा ओढ्याला जातो. खात्री करायची तर हात-दीड हात खणून बघा. वरची ओल आणि खालची ओल एकमेकींना भिडली पाहिजे. मधे कोरडा पट्टा राहिला असेल तर उगवलेलं रोप त्या पट्ट्यात अडकतं.

ओल भिडली की लगेच पेरायचं असंही नाही. वापसा यावा लागतो, म्हणजे जमीन ओलसर असावी पण चिकट नसावी. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून भुगा झाला तर वापसा आहे, थबकन चिकटून बसला तर अजून एक-दोन दिवस थांबा. चिखलात पेरलेल्या बियाण्यावर काळी माती सुकताना पापुद्रा धरते, आणि सोयाबीनचं कोवळं मोड त्याखाली मान मोडून बसतं.

बियाणं घरचं असो वा बाजारातलं, उगवण तपासा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवड्याच्या आत सत्तर किंवा जास्त उगवले तर ठीक. त्याहून कमी असतील तर बियाण्याचं प्रमाण वाढवा, फारच कमी असतील तर बियाणं बदला. सोयाबीन तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. पेरणी उताराला आडवी, आणि जमेल तिथे रुंद वरंबा-सरी पद्धतीने. या पद्धतीत पाऊस कमी पडला तर सरीत पाणी थांबतं, जास्त झाला तर सरीतूनच निघून जातं. खंड आणि झड, दोन्हींवर चालणारा इतका स्वस्त उपाय दुसरा मला माहीत नाही.

कोकणात आणि भाताच्या पट्ट्यात प्रकार निराळा. तिथे रोहिणीत धूळवाफेवर रोप टाकतात, म्हणजे पाऊस आल्याबरोबर ते उगवतं. रोप तीन आठवड्यांचं झालं की लावणी. आवण (लावणीचं रोप) तयार असताना पाऊस दडी मारून बसला, तर रोप वाफ्यातच जून होतं आणि फुटवे कमी येतात. म्हणून रोप एकाच दिवशी न टाकता आठवड्याच्या अंतराने दोन टप्प्यांत टाकणारे शेतकरी शहाणे.

नक्षत्रांबद्दल दोन शब्द. सूर्य ७-८ जूनला मृगात, २१-२२ जूनला आर्द्रात जातो, पुढे साधारण तेरा-चौदा दिवसांनी नक्षत्र बदलतं. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्तीचा, ही नावं जुन्या माणसांच्या बोलण्यात रोज येतील, तेव्हा ती माहीत करून घ्या. कामाचं कॅलेंडर म्हणून ती आजही सोयीची आहेत. नक्षत्राचं वाहन बघून पावसाचा अंदाज मात्र बांधू नका.

पाऊस लांबलाच तर? जुलैचा पहिला पंधरवडा गेला की सोयाबीनचा हट्ट सोडायचा. सूर्यफूल, बाजरी, तूर, तीळ, एरंडी यांकडे वळायचं. प्रत्येक जिल्ह्याचा आपत्कालीन पीक आराखडा तयार असतो. कृषी विज्ञान केंद्रातून तो मेमध्येच घेऊन ठेवा, कारण जुलैत ऐन वेळी या पिकांचं बियाणं दुकानात सापडत नाही.

पायरी ६: खंड पडल्यावर

पहिलं काम कोळपणी, विदर्भात म्हणाल तर डवरणी. वरचा थर मोकळा झाला की खालची ओल उडून जाणं कमी होतं आणि ओल पिणारं तणही निघतं. पाऊस नाही म्हणून कोळपं गोठ्यात ठेवणारे उलटं करतात. दर चार ओळींनंतर एक सरी काढून ठेवा, पुढचा पाऊस तिच्यात मुरेल. काडीकचरा, गवत काही असेल तर ओळींत आच्छादन करा. पोटॅशियम नायट्रेटची (१३:००:४५) एक टक्का फवारणी, म्हणजे दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम, पिकाला काही दिवस ताण सोसायला मदत करते. तिच्याने पाऊस पडत नाही, तेव्हा फवारणीवर फवारणी करत बसू नका. सुकलेल्या पिकाला युरियाही टाकू नका, तो ओलीशिवाय कामाचा नाही.

शेततळं असेल तर त्याचं पाणी याच दिवसांसाठी आहे. ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल तळ्यात सुमारे २२ लाख लिटर मावतं. बाष्पीभवन आणि झिरप्यात निम्मं गेलं असं धरलं तरी अकरा लाख उरतं. एकराला तुषार सिंचनाने तीस मिलिमीटरचं एक संरक्षित पाणी द्यायला सव्वा लाख लिटर लागतं. म्हणजे नऊ एकर सोयाबीन शेंगा भरण्याच्या काळात वाचतं. पाणी फुलोऱ्याला द्यायचं की शेंगा भरताना, असा पेच पडला आणि एकदाच देता येत असेल, तर मी शेंगा भरण्याच्या बाजूने असतो.

पायरी ७: पाऊस थांबतच नसेल तर

बांधाच्या खालच्या कोपऱ्यात चर आधीच काढलेला असावा. लाल इशारा आल्यावर रात्री कुदळ घेऊन जाण्यात अर्थ नाही. लांबलेल्या कोरड्या काळानंतर एकदम जोराचा पाऊस झाला की कपाशीची झाडं एका-दोन दिवसांत माना टाकतात. याला आकस्मिक मर म्हणतात, आणि पाणी तातडीने काढून देणं हाच पहिला उपाय. झडीच्या दिवसांत फवारणी वाहून जाते. चार-सहा तासांची उघडीप अंदाजात दिसत असेल तरच पंप उचला.

पायरी ८: परतीचा पाऊस, काढणी आणि रब्बी

मोसमी पाऊस राजस्थानातून सर्वसाधारणपणे १७ सप्टेंबरच्या सुमारास परतू लागतो, मुंबईतून ८ ऑक्टोबरला. परतीच्या पावसाचं दुखणं असं की ज्याचं सोयाबीन पक्व झालंय त्याला तो नको असतो आणि ज्याला ज्वारी पेरायचीय त्याला हवा असतो, आणि बऱ्याचदा हे दोघं एकाच घरात असतात. पक्व शेंगा भिजत राहिल्या की झाडावरच कोंब फुटतात. म्हणून काढणीला पाच दिवसांची उघडीप बघूनच हात घाला. कापलेलं पीक शेतात पसरून ठेवू नका. सुडी (कापलेल्या पिकाची रास) उंचवट्यावर लावा आणि ताडपत्री आधीच आणून ठेवा. ऑक्टोबरात पहिला पाऊस झाला की ताडपत्री महाग मिळते आणि नंतर मिळतही नाही.

रब्बीत पाऊस वरून यायचा नसतो, तो जमिनीत साठवलेला असतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये रब्बीचं रान मोकळं ठेवून उताराला आडव्या वखराच्या पाळ्या देतात. ज्वारीची कोरडवाहू पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, आणि वाण जमिनीच्या खोलीनुसार: हलकीवर फुले अनुराधा, मध्यमवर फुले सुचित्रा किंवा मोहोळची जुनी मालदांडी ३५-१, भारीवर फुले वसुधा. तीन आठवड्यांनी फटीचं कोळपं, पाच आठवड्यांनी पासेचं, आठव्या आठवड्याला दातेरी (ही कोळप्याच्या प्रकारांची नावं). शेवटचं कोळपं जमिनीला पडलेल्या भेगा बुजवतं. त्या उघड्या राहिल्या तर खालची ओल तिथूनच निघून जाते. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' ही म्हण ज्या पावसाबद्दल आहे तो ऑक्टोबरच्या शेवटी पडतो, नुकत्या वाढीला लागलेल्या ज्वारीवर.

कोरडवाहू हरभरा ऑक्टोबरच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंत, बागायती त्यानंतर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. गव्हाला थंडी लागते, १ ते १५ नोव्हेंबर ही त्याची वेळ. उशिरा पेरलेल्या गव्हाचे दाणे फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात भरतात आणि बारीक राहतात.

पायरी ९: थंडी, धुकं आणि फळबागा

फळबागेत पहिल्याच वर्षी उतरू नका असं मी सांगेन, पण उतरणारे उतरतातच.

नाशिककडे निफाडच्या परिसरात पारा खाली गेला की पाणी उतरलेले द्राक्षाचे मणी तडकतात. पहाटे ठिबक चालवणं आणि बागेच्या कडेला शेकोट्या करून धूर धरणं, हे तिथले रोजचे उपाय. जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात दहा अंशांच्या आसपासची थंडी केळीची वाढ थांबवते, आणि मे महिन्यात त्याच केळीला चाळिशी पार केलेलं ऊन आणि गरम वारा झोडपतो. म्हणून तिथे बागेभोवती शेवरीसारखं वारारोधक कुंपण लागतं. ढगाळ हवा आणि दव मात्र सगळीकडेच त्रासदायक. कांद्यावर करपा, द्राक्षावर डाऊनी (केवडा रोग), तुरीच्या फुलोऱ्यावर शेंगा पोखरणारी अळी, आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे. ढग दिसले की औषध मारायचं नाही. ढग दिसले की आधी बागेत फिरायचं आणि कीड मोजायची.

कोकणातल्या हापूसचं चक्र थंडीवर चालतं. पावसाळ्यानंतर फुटलेली पालवी जून व्हावी लागते, मग डिसेंबरच्या गार रात्रींत मोहोर येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस लांबला की नवी पालवी फुटते आणि मोहोर पुढे जातो. थंडी पुन्हा पुन्हा आली तर पुनर्मोहोर येऊन आधीची वाटाण्याएवढी फळं गळतात. संत्रा आणि डाळिंबात बहार, म्हणजे झाडाला कोणत्या हंगामात फुलवायचं ते, तुम्ही निवडता. त्यासाठी आधी काही दिवस पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. मृग बहाराला मेमध्ये ताण दिलेला असताना वळवाचा पाऊस झाला की ताण तुटतो. डाळिंबात पावसाळी बहार धरला तर दमट हवेत तेल्या रोगाचा धोका वाढतो, म्हणून ज्यांच्याकडे उन्हाळ्यापर्यंत पाणी आहे ते आंबे बहाराकडे किंवा हस्त बहाराकडे वळतात.

पायरी १०: गारपीट, वादळ आणि कागदपत्रं

फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हा काळ रब्बीच्या काढणीचा, आणि गारपिटीचाही. २०१४ च्या याच दिवसांत मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात गहू, हरभरा, द्राक्ष, संत्रा झोपले. गारांवर शेतात करण्यासारखं फार थोडं आहे: गहू-हरभरा तयार झाला की एक दिवसही उभा ठेवायचा नाही, आणि बागेवर जाळी परवडत असेल तर घालायची. किनाऱ्यावर वादळाचा विचार करायचा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. अशी बाग पुन्हा फळावर यायला काही वर्षं जातात. तेवढ्या काळात उत्पन्न देईल असं आंतरपीक, जायफळ-दालचिनीसारखं मसाल्याचं असो वा हंगामी भाजीचं, आधीपासून असावं.

आता कागद. ई-पीक पाहणीत (मोबाईल ॲपवरची सरकारी पीकनोंद) स्वतः पिकाची नोंद करा, सातबाऱ्यावर पीक नसेल तर मदत अडकते. पंतप्रधान पीक विम्यात शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला विमा रकमेच्या जास्तीत जास्त दोन टक्के, रब्बीला दीड, नगदी आणि फळपिकांना पाच टक्के असतो. भरपाई कोणत्या कारणांसाठी मिळते याचे नियम राज्यात अलीकडे बदलले आहेत, म्हणून त्या त्या हंगामाची अधिसूचना वाचूनच अर्ज करा. नुकसान झालं तर त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकाला लेखी कळवा, आणि त्या दिवसाचा तुमच्या पर्जन्यमापकाचा आकडा अर्जात लिहा. अधिकृत आकडा मंडळाच्या केंद्राचाच धरला जातो, पण दोन्हींत मोठी तफावत असेल तर दाद मागताना वहीतली सलग नोंद हाताशी असलेली बरी.

त्या वहीत पावसाखेरीज चार रकाने ठेवा: पेरणीची तारीख, पहिलं फूल दिसलेली तारीख, पीक दुपारी माना टाकायला लागलं ती तारीख, आणि काढणीची. माना टाकायची तारीख खंडाच्या कितव्या दिवशी आली ते बघितलं की दुसऱ्या पायरीत काढलेला तुमच्या जमिनीचा ढोबळ आकडा दुरुस्त करता येतो. तो दरेक तुकड्याचा वेगळा निघेल. पुढच्या एप्रिलात बियाण्याची यादी करताना त्या त्या तुकड्यापुढे तोच आकडा लिहा.